निदानपरिवर्जन रुग्णाच्या घरी : दमेकरी बालकांसाठी गृहभेटींचा अनुभव

कोणत्याही व्याधीची चिकित्सा थोडक्यात सांगायची तर ती निदानपरिवर्जन होय, हे आपण विद्यार्थिदशेपासून म्हणत आलो आहोत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का व श्वास यांचे हेतू सांगताना धूळ, धूर, वारा, थंड जागी राहणे आणि थंड पाणी यांचा आरंभीच उल्लेख केला आहे. परीक्षेत हे हेतू आपण क्रमाने लिहिले आणि पदवी मिळाल्यानंतर तेच केसपेपरवर लिहू लागलो. ‘धूळ, धूर टाळणे’ हे तीन शब्द मी दम्याच्या प्रत्येक बालरुग्णाच्या कागदावर वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. ते शब्द रुग्णाच्या घरी पोहोचल्यावर त्यांचे काय होते, याचा विचार मात्र मी फार उशिरा केला.

माझा दवाखाना सोलापुरातील एका कामगार वस्तीत आहे. साधारण सात वर्षांचा एक मुलगा दोन पावसाळे माझ्याकडे येत होता. बालरोगतज्ज्ञांनी दिलेला इनहेलर चालू होता. त्याच्या जोडीला मी सितोपलादी चूर्ण, वासावलेह, छातीला तेल व शेक अशी व्यवस्था देत असे. आठ-पंधरा दिवस बरे जात आणि पुन्हा एखाद्या रात्री मूल उठून बसे. “पथ्य पाळता ना? धूळ टाळता ना?” असे मी आईला दर वेळी विचारीत असे आणि ती मान हलवीत असे. मनातल्या मनात तिला निष्काळजी ठरवून मी मोकळा झालो होतो.

एका रात्री निरोप आला म्हणून घरी गेलो. एकच खोली. कोपऱ्यात ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, शेजारी तंबाखूची पिशवी, भिंतीला टेकवलेले सूप आणि त्या सुपाला लागूनच मुलाचे अंथरूण. पत्र्यातून झिरपलेल्या पाण्याने भिंत खांद्यापर्यंत ओली झालेली. उंबऱ्याशी डासांची कॉइल जळत होती. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नव्हते, बरगड्यांखाली खळगे पडत होते. म्हणून रिक्षातून त्याला तत्काळ रुग्णालयात हलवले. ऑक्सिजन व औषधे मिळून तो सावरल्यानंतर पहाटे आई व्हरांड्यात मला म्हणाली, “डॉक्टर, रोज हजारभर बिड्या वळते. ही धूळ टाळली तर घरात खायचं काय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षे मी त्या बाईला तिची रोजीरोटी टाळण्याचा सल्ला देत होतो आणि ते मला ठाऊकही नव्हते. प्रस्तुत लेख त्या पहाटेच्या प्रश्नातून लिहिला आहे. याच प्रश्नाला अमेरिकेतील काही शहरांनी गृहभेटीच्या कार्यक्रमांद्वारे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. त्याचे यशापयश आपल्या व्यवसायबंधूंनी जाणून घेणे उपयुक्त ठरेल, असे वाटते.

गरिबांची घरे आणि झुरळे

अमेरिकेसारख्या संपन्न देशात गरिबांच्या मुलांना दम्याचा त्रास अधिक का, याचा शोध १९९० च्या दशकात गांभीर्याने सुरू झाला. मोठ्या शहरांच्या जुन्या वस्त्यांत राहणारी कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन कुटुंबांतील मुले वारंवार रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात दाखल होत होती. औषधे तीच, डॉक्टर तेच. तरीही मुले परत परत येत होती.

१९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रोझेनस्ट्राइक व सहकाऱ्यांचा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ शहरी भागांतील चार ते नऊ वर्षे वयाची ४७६ दमेकरी मुले त्यात होती. त्यांपैकी ३६.८ टक्के मुलांना झुरळांची, ३४.९ टक्के मुलांना धुळीतील डस्ट माइट या सूक्ष्म कीटकांची, तर २२.७ टक्के मुलांना मांजराची ॲलर्जी आढळली. निम्म्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीतील धुळीत झुरळांच्या अवशेषांचे प्रमाण उच्च होते. ज्या मुलांना ही ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीतही झुरळे भरपूर होती, ती वर्षाला सरासरी ०.३७ वेळा रुग्णालयात दाखल झाली. इतर मुलांत हेच प्रमाण ०.११ होते. म्हणजे तिपटीहून अधिक.

वैद्याच्या दृष्टीने यातील मर्म असे की, केवळ प्रकृतिगत संवेदनशीलता किंवा केवळ हेतूची उपस्थिती पुरेशी नव्हती. दोहोंचा संयोग झाला तेथे व्याधी बळावला. संवेदनशीलता बदलणे कठीण. हेतू मात्र घरात होता आणि त्याला घरातच गाठणे शक्य होते.

तसा प्रयत्न सात शहरांत झाला. पाच ते अकरा वर्षांची ९३७ मुले त्यात होती आणि त्याचा निष्कर्ष मॉर्गन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याच नियतकालिकातून मांडला. प्रत्येक मुलाची त्वचाचाचणी करून त्याला कशाची ॲलर्जी आहे ते ठरवले गेले आणि त्यानुसार घरातील उपाय योजले गेले. प्रशिक्षित व्यक्ती वर्षभरात अनेकदा घरी जात. गादी-उशीला घट्ट विणीच्या खोळी, सूक्ष्म धूळ अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर, गरजेप्रमाणे हवा शुद्ध करणारे यंत्र आणि झुरळांसाठी व्यावसायिक कीटकनियंत्रण अशी ती योजना होती. पहिल्या वर्षी भेटी मिळालेल्या मुलांना दर पंधरवड्यात सरासरी ३.३९ दिवस त्रास झाला, तर तुलनेच्या गटाला ४.२० दिवस. विशेष म्हणजे दुसऱ्या वर्षी, भेटी थांबल्यानंतरही, हा फरक टिकून राहिला : २.६२ दिवस विरुद्ध ३.२१ दिवस. मुळाशी गेलेल्या उपायाचा परिणाम मागे उरतो, हे येथे दिसून येते.

सिएटल : शेजारीणच आरोग्य कार्यकर्ती

सिएटल व किंग काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा प्रयोग आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा आहे, कारण तेथे घरी जाणारी व्यक्ती डॉक्टर किंवा संशोधक नव्हती. ती त्याच समाजातील, त्यांचीच भाषा बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली आरोग्य कार्यकर्ती होती.

डॉ. जेम्स क्रीगर व सहकाऱ्यांनी २००५ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार ते बारा वर्षे वयाचे दमेकरी मूल असलेली अल्प उत्पन्न गटातील २७४ कुटुंबे निवडून त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला एकच भेट व मोजके साहित्य मिळाले. दुसऱ्या गटाला वर्षभरात सरासरी सात भेटी, खोळी, पायपुसणे, स्वच्छतेचे साहित्य, व्हॅक्यूम क्लीनर, झुरळांचे आमिष-औषध असे सर्व मिळाले. कार्यकर्ती आधी घर पाही, कुटुंबाबरोबर बसून कामांचा क्रम ठरवी आणि पुढच्या भेटीत काय झाले, काय राहिले याची चौकशी करी.

सात भेटींच्या गटात तातडीच्या वैद्यकीय सेवेची गरज लागलेल्या मुलांचे प्रमाण २३.४ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आले. एका भेटीच्या गटात ते २०.२ वरून १६.४ टक्के इतकेच उतरले. सांभाळ करणाऱ्या पालकांच्या जीवनमानातही पहिल्यापेक्षा स्पष्ट सुधारणा दिसली. मात्र त्रासाच्या दिवसांची संख्या दोन्ही गटांत घटली आणि दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

सिएटलमधील पुढचे पाऊल त्याहून बोलके आहे. कार्यकर्तीने कितीही पुसले तरी भिंतीतील ओल पुसली जात नाही. म्हणून हाय पॉइंट या सरकारी वसाहतीची पुनर्बांधणी होताना काही घरे मुद्दाम दमेकरी मुलांच्या कुटुंबांसाठी, ओल न धरणारी व उत्तम वायुवीजन असलेली अशी बांधली गेली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार या घरांत राहायला गेलेल्या मुलांचे पंधरवड्यातील निरामय दिवस वर्षभरात सरासरी ७.६ वरून १२.४ झाले. घर हेसुद्धा पथ्यच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बोस्टन : औषधाच्या चिठ्ठीबरोबर घराची तपासणी

भिंतीची ओल हा घरमालकाचा विषय. त्यात डॉक्टरने काय करावे? बोस्टनच्या सिटी हॉस्पिटलमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. बॅरी झुकरमन यांनी १९९३ मध्ये याचे अनपेक्षित उत्तर दिले. बुरशी लागलेल्या घरांत परत जाणारी मुले पुन्हा आजारी पडून येतात हे पाहून त्यांनी आपल्या विभागात वकिलांनाच सामावून घेतले. घरमालकाला कायद्याने बांधून दिलेले कर्तव्य करण्यास भाग पाडणे हा चिकित्सेचाच भाग मानला गेला. २००५ पासून बोस्टनमध्ये डॉक्टरांना दमेकरी रुग्णाचे घर शहराच्या तपासणी विभागाकडे थेट पाठवता येऊ लागले. तज्ज्ञाकडे रुग्ण पाठवावा तसे घर निरीक्षकाकडे पाठवायचे, अशी ही पद्धत.

त्याच वर्षी बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलने दम्यासाठी वस्तीपातळीवरील उपक्रम सुरू केला. परिचारिका व आरोग्य कार्यकर्त्या घरी जात, घर पाहत, औषध कसे घेतले जाते ते तपासत, शाळेशीही संपर्क ठेवत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात २८३ मुलांची माहिती आहे. वर्षअखेर तातडीच्या विभागात जावे लागलेल्या मुलांचे प्रमाण ६८ टक्क्यांनी, तर रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण ८४.८ टक्क्यांनी घटले. खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे १.४६ डॉलर वाचल्याचा हिशेबही मांडण्यात आला. अर्थात अतिशय आजारी असताना निवडलेली मुले पुढील वर्षी काही अंशी आपोआपही सुधारलेली दिसतात, हे ध्यानात ठेवूनच असे आकडे वाचावेत.

अशा अनेक कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेऊन समाजस्तरावरील प्रतिबंधक उपायांचे परीक्षण करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ कार्यगटाने २००८ मध्ये बालके व किशोरांसाठी या पद्धतीची शिफारस केली. आढाव्यानुसार त्रासाचे दिवस वर्षाला सुमारे २१ आणि शाळा बुडण्याचे दिवस सुमारे १२ कमी झाले. प्रौढांसाठी मात्र पुरावा अपुरा ठरला. येथे एक व्यावहारिक अडचण राहते. खर्च करतो रुग्णालय किंवा आरोग्य विभाग. दाखल होणे टळल्याने बचत होते ती विमा देणाऱ्याची. उपयुक्त ठरलेले कार्यक्रमही त्यामुळे पैशाअभावी अडखळतात.

या अनुभवातून निघणारी सूत्रे

पहिले सूत्र : आधी पाहावे, मग सांगावे. रुग्णपरीक्षेत आपण देश, काल, सात्म्य यांचा विचार करतो. परंतु देश म्हणजे केवळ जांगल, आनूप, साधारण नव्हे. मूल ज्या चार भिंतींत झोपते तोही त्याचा देशच आहे.

दुसरे : उपदेशाबरोबर साधन द्यावे. ‘अंथरूण स्वच्छ ठेवा’ असे म्हणणे फुकट असते, खोळ मात्र विकत घ्यावी लागते. यशस्वी कार्यक्रमांनी वस्तू हातात ठेवल्या आणि त्या कशा वापरायच्या ते घरात बसून दाखवले.

तिसरे : एकच उपाय पुरत नाही. २००३ मध्ये ब्रिटनमधील ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवर केवळ गादीच्या खोळींचा प्रयोग झाला, त्यातून काहीही लाभ दिसला नाही. हेतू अनेक असतील तर परिवर्जनही अनेक अंगांनी झाले पाहिजे.

चौथे : भेट म्हणजे झडती नव्हे. गरिबाच्या घरात परका माणूस शिरून कोपरे पाहू लागला की घरच्यांना लाज वाटते, मग ते सत्य लपवतात. जाणारी व्यक्ती वस्तीतील, ओळखीची व दोष न देणारी असेल तरच दारे उघडतात. महाराष्ट्राला हे नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. व्याधी वेगळा, परंतु तत्त्व तेच.

आपल्या व्यवसायात काय शक्य आहे?

अमेरिकेतील साधने आपल्याला परवडणार नाहीत आणि सर्वच लागू पडणार नाहीत. तरीही महिन्यातून एका दमेकरी बालकाच्या घरी ठरवून जाणे कोणत्याही वैद्याला अशक्य नाही. तेथे सहा गोष्टी पाहाव्यात : अंथरूण, ओल, धूर, झुरळे, पाळीव जनावरे व पारवे, आणि औषध घेण्याची पद्धत. गोधडी-चादरी आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुऊन भर उन्हात वाळवणे, रात्री खरकटे झाकणे, भिंतीच्या फटी बुजवणे, मूल खोलीत असताना झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसणे या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. झुरळांसाठी फवारणी टाळून मुलाच्या हाती न लागेल अशा जागी आमिष-औषध ठेवावे.

धुराविषयी आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. काश्यपसंहितेत धूपकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आपल्या घरोघरी बाळाला ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी देण्याची प्रथा आहे. परंतु ज्या शास्त्रात धूपन आहे, त्याच शास्त्रात धूर हा श्वासाचा हेतू सांगितला आहे. तमकश्वासी बालकाच्या खोलीत धुरी, धूप, उदबत्ती यांचा आग्रह धरणे शास्त्राला धरून नाही. डासांच्या कॉइलबाबत तर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कणांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींइतके आढळले. मच्छरदाणी हा त्यावर साधा उपाय आहे.

औषधविक्रेत्या बंधूंचे स्थान यात फार महत्त्वाचे आहे, कारण दवाखान्यात न येणारी आईसुद्धा दुकानात येते. तत्काळ आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉल इनहेलरच्या एका डब्यात साधारणतः २०० मात्रा असतात. वर्षाला असे तीन किंवा अधिक डबे लागत असतील तर तीव्र वेगाचा धोका वाढतो आणि महिन्याला एक डबा संपत असेल तर जिवाला धोका संभवतो. असे मूल ओळखून त्याला वैद्याकडे पाठवणारा दुकानदार एका अर्थी गृहभेटीचेच काम करतो. तसेच घटकांची नावे नसलेल्या, ‘दम्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते आणि बदनामी आयुर्वेदाच्या वाट्याला येते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे कर्तव्य समजतो. आपली औषधे सुरू केल्यावर नियमित घ्यावयाचा इनहेलर पालकांना परस्पर बंद करू देऊ नये. वाक्य पुरे न होणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसताच चाटण देत बसण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तमकश्वास याप्य आहे, नवा असता साध्य होऊ शकतो, असे चरक सांगतात. त्या नव्या अवस्थेतील मूल गमावणे आपल्याला शोभणारे नाही.

पुन्हा त्या घरी

त्या मुलाच्या घरी मी नंतर चार वेळा गेलो. बिड्या वळणे थांबले नाही. थांबवा असे म्हणण्याचा अधिकारही मला नव्हता. मात्र शेजारच्या दोघींशी बोलून आईने काम ओसरीवर नेले. सूप व तंबाखू रात्री बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत राहू लागली. काम संपल्यावर हात-तोंड धुऊन, लुगडे बदलूनच ती मुलाजवळ जाते. अंथरूण ओल्या भिंतीपासून दूर सरकले, कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. पत्रा मात्र तसाच आहे. घरमालकाला तिघांनी मिळून सांगूनही तो बदललेला नाही. इनहेलर चालू आहे, माझी औषधेही चालू आहेत.

गेल्या पावसाळ्यात मूल दोनदा रात्री उठून बसले. रुग्णालयात न्यावे लागले नाही. एका मुलावरून सिद्धांत मांडता येत नाही आणि मी तो मांडत नाही. परंतु त्याच्या केसपेपरवर ‘धूळ, धूर टाळणे’ असे मी आता लिहीत नाही. तेथे लिहिले आहे : ‘सूप बाहेर. गोधडी रविवारी. पत्र्याचे घरमालकाशी पुन्हा बोलणे.’ यातील शेवटचे काम माझे आहे.